बताल्या मठ
बताल्या मठ हा मध्य पोर्तुगालमधील बताल्या या गावी असलेला डॉमिनिकन पंथीयांचा मठ आहे. १४ ऑगस्ट १३८५ रोजी अल्झुबारोता येथे कास्तीलच्या सैन्यावर विजय मिळाल्यावर, केलेला नवस फेडण्यासाठी राजा पहिला जुआंव याने तो बांधविला. पोर्तुगीज भाषेत 'बताल्या' म्हणजे लढाई.

चुनखडकातील या गॉथिक वास्तूचे काम शतकाहून अधिक काळ चालले. अफोन्सो दोमिंगेश व त्याच्यानंतरचा उगेत हे तिचे आरंभीचे प्रमुख स्थपती होत. सभागृहाचे सुमारे १९ मीटर रुंदीचे दगडी छत मध्ये एकही खांब नसताना उभे आहे.

मठाचा सर्वांत देखणा भाग मात्र अपुराच राहिला. राजा दुआर्ते याने आपल्या घराण्यासाठी योजलेली अष्टकोनी समाधिवास्तू १४३८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर रखडली. पुढे राजा पहिला मनुएल याच्या कारकिर्दीत मातेउस फर्नांदिश याने तिचे प्रवेशद्वार घडविले. त्यावरील नक्षी दगडाची न वाटता विणलेल्या जाळीची वाटते. नंतर राजाश्रय लिस्बनच्या जेरोनिमस मठाकडे वळला आणि मधल्या चौकावर छत चढलेच नाही. ज्या मऊपणामुळे या दगडात इतके बारीक कोरीवकाम साधले, त्याच मऊपणामुळे तो ऊनपावसात झिजतो. १९८३ मध्ये युनेस्कोने मठाचा जागतिक वारसा स्थळांत समावेश केला. दुआर्ते व राणी लिओनोर यांची समाधी याच अपुऱ्या वास्तूत आहे.