बिनकुसळांचा गहूं

गहूं हें आपल्याकडे थंडीचेंच पीक. तरी आपल्या रब्बीच्या गव्हाला बर्फ कधीं पाहावा लागत नाहीं. रशियांतील ‘हिवाळी’ गहूं निराळा. तो शरद ऋतूंत पेरतात. रोपें कित्येक आठवडे गारठ्यांत काढतात, आणि ती थंडी सोसल्यावांचून त्यांना ओंबीच येत नाहीं. आपल्या मुठेकांठीं तो पेरला, तर नुसती पातीच वाढावयाची!

कॉकेशस पर्वताच्या उत्तरेस कुबान नदीचा प्रदेश आहे. गवताळ, सपाट माळरान. माती काळीभोर व कसदार. पण हा कसच गव्हाच्या मुळावर येई. उंच काड माजे, ओंब्या भरल्या कीं वादळी पावसांत पीक लोळे. उभें राहिलेल्यावर तांबेरा पडे, आणि त्यांतून वांचलेलें उन्हाळ्याच्या कोरड्या वाऱ्यानें करपे. या तिन्ही संकटांना पुरून उरेल असें वाण काढण्याचा ध्यास क्रास्नोदार येथील पाव्हेल लुक्यानेन्को यांनीं घेतला.

ठेंगणेपणा त्यांना लाभला तो फार दुरून. ‘आकाकोमुगी’ नांवाचा जपानी गहूं इटलींत स्त्राम्पेल्ली यांनीं १९१३ सालीं संकरासाठीं वापरला. त्याची संतति अर्जेंटिनांत गेली, आणि तेथल्या ‘क्लाइन ३३’ या वाणांतून तें रक्त कुबानच्या गव्हांत उतरलें. १९५९ सालीं ‘बेझोस्ताया १’ लागवडीस आली. बेझोस्ताया म्हणजे बिनकुसळांची. उंची सुमारें एक मीटर, काड ताठ, तांबेऱ्याला सहजासहजीं दाद न देणारी, लवकर पिकणारी. शिवाय पिठाचा पाव उत्तम फुगे. उत्पन्न वाढलें कीं पिठाची प्रत उतरते, हा नेहमींचा अनुभव. म्हणून हा शेवटचा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

१९७१ च्या सुमारास तिचा पेरा सुमारें १ कोटि ३० लक्ष हेक्टरांवर पोंचला. पण एवढ्या मुलखाची भाकर एकाच बियाण्यावर अवलंबून ठेवणें जोखमीचें होतें. थंडी सोसण्याची तिची शक्ति मध्यमच. १९६९ च्या हिवाळ्यांत कुबानवर धुळीचीं काळीं वादळें लोटलीं. अंगावर बर्फाचें पांघरूण नसलेलीं हिवाळी रोपें गारठलीं, मातीसकट उडालीं. युक्रेनमध्यें रेमेस्लो यांनीं काढलेलें ‘मिरोनोव्स्काया ८०८’ थंडीला अधिक काटक होतें. पण तें उंच, म्हणून लोळणारें. दोन्ही गुण एका ओंबींत आणणें सोपें नव्हतें.

लुक्यानेन्को १९७३ सालीं वारले. तुर्कस्तानांत त्यांची बेझोस्ताया आजहि पेरली जाते.