जोण आणि खनिज

निसर्गदत्त संपत्तीचा हिशेब लोकांसमोर मांडला पाहिजे, ही कल्पना अलीकडची व परकी आहे, असे पुष्कळदा बोलले जाते. गोमंतकाच्या इतिहासाकडे पाहता आम्हांस हे मत मान्य करता येत नाही.

पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून येथील गावोगावची जमीन गावकरी संस्थेकडे सामाईक होती. हिलाच पुढे ‘कोमुनिदाद’ हे नाव मिळाले. 1526 साली अफोंसु मेशिया याने तिसवाडीच्या गावकऱ्यांचे रीतिरिवाज सनदेत नोंदवून ठेवले. त्यावरून या व्यवस्थेचे स्वरूप कळते. गावच्या उत्पन्नातून प्रथम सरकारदेणे चुकवावयाचे, मग बांधबंदिस्ती, देवकार्य व गावच्या चाकरीचा खर्च भागवावयाचा आणि उरेल ते गावकऱ्यांनी वाटून घ्यावयाचे. या वाट्यास ‘जोण’ म्हणत. तूट आली तर तीही त्यांनीच सोसावयाची. कुळकर्ण्याने लिहावे व गावकऱ्यांनी एकत्र बसून ठरवावे, असा शिरस्ता होता.

ही व्यवस्था निर्दोष नव्हती. स्त्रिया आणि शेतात राबणारी कुळे यांना त्या बैठकीत स्थान नव्हते, हे विसरून तिचे गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु दोन गोष्टी तीत निश्चित होत्या. ज्यांचा हक्क मानला होता त्यांच्या डोळ्यांदेखत हिशेब होत असे. आणि वाटले जाई ते वर्षाचे उत्पन्न, मूळ जमीन नव्हे.

त्याच भूमीतील लोहखनिजाच्या बाबतीत मात्र ही दोन्ही तत्त्वे सुटली. पोर्तुगीज सरकारने खाणींचे परवाने मुदतीची मर्यादा न घालता दिले. 1947 पासून खनिजाची निर्यात सुरू झाली आणि पुढील दशकात ते मुरगाव बंदरातून मोठ्या प्रमाणावर जपानला जाऊ लागले. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, तरी या परवान्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर करणारा कायदा होण्यास 1987 साल उजाडावे लागले. 2012 मध्ये शहा आयोगाने बेकायदा उत्खननामुळे झालेले नुकसान सुमारे 35 हजार कोटी रुपये असल्याचा अंदाज मांडला. त्या आकड्यावर वाद झाला. पण आमच्या मते वाद होऊ शकला हेच मोठे वैगुण्य होय. रोजच्या रोज उघडी असलेली वही असती, तर अंदाजाची गरजच पडली नसती.

21 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वार्षिक उत्खननास 2 कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि पुढील पिढ्यांच्या हक्कासाठी विक्रीमूल्याचा दहावा हिस्सा कायम निधीत ठेवण्यास सांगितले. त्यानंतर सरकारने नूतनीकरण केलेले 88 खाणपट्टे 2018 मध्ये त्याच न्यायालयाने रद्द केले. 2022 पासून खाणपट्टे लिलावाने देण्यात येऊ लागले.

लिलाव झाला म्हणून हिशेब पुरा झाला, असे मात्र नव्हे. भात कापले तरी शेत उरते. उपसलेला डोंगर पुन्हा भरत नाही. खनिज विकून आलेला पैसा म्हणजे जोण नव्हे, ते मुद्दल होय. ते राखून केवळ व्याज खर्चावे आणि त्याची वही प्रत्येक नागरिकास पाहता यावी. जुन्या बैठकीत ज्यांना जागा नव्हती, त्यांनाही या नव्या बैठकीत जागा असली पाहिजे; कारण खाणीची धूळ घरोघर पोहोचते, आणि ज्यांच्या दारी धूळ पोहोचते त्यांच्या दारी हिशेबही पोहोचला पाहिजे.