डहाणूचा कोळसा आणि एक अट

जळोचीस बसून डहाणूविषयीं लिहिण्याचें प्रयोजन काय, असें वाचक आम्हांस विचारतील. प्रयोजन जुनें आहे. मुंबईस वीज हवी म्हणून मुळशीचें पाणी घाट उतरवून भिऱ्यास नेलें जातें. एरव्हीं तें मुळा-मुठेच्या वाटेनें भीमेस मिळून शेजारच्या इंदापूर तालुक्याच्या शिवेवरून वाहिलें असतें. त्या धरणाविरुद्ध मावळ्यांनीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं १९२१ पासून तीन वर्षें झुंज दिली. पुण्यांतील जमीनदार मोबदल्यावर राजी झाले, कुळें मात्र उघडीं पडलीं, आणि लढा बुडाला. मागें ज्यास धरून पुन्हा उभें राहावें असें कांहीं उरलें नाहीं. डहाणूचें निराळेपण येथेंच आहे.

१९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या उपनगरांस वीज पुरविणाऱ्या कंपनीनें डहाणूस खाडीलगत ५०० मेगावॉटचें, कोळशावर चालणारें केंद्र उभारण्याचें ठरविलें. हा मुलूख चिकूच्या बागांचा, वारल्यांच्या शेतांचा आणि मासेमारांचा. कोळशांतील गंधक जळून होणारा वायु दमट हवेंत आम्ल बनतो व पानाफुलांस बाधतो, ही बागाइतदारांची भीति कांहीं अडाण्याची नव्हे. रसायनशास्त्राच्या पहिल्याच पुस्तकांत ती सांपडते. पर्यावरणसंरक्षणासाठीं स्थानिक मंडळींनीं गट स्थापिला. त्याच्या अग्रभागीं बागाइतदार कुटुंबांतील स्त्रिया होत्या, हें आम्हांस विशेष वाटतें.

प्रकरण कोर्टांत गेलें आणि लोक हरले. उच्च न्यायालयानें १९९० मध्यें व सर्वोच्च न्यायालयानें मार्च १९९१ मध्यें केंद्र थांबविण्यास नकार दिला. मात्र केंद्रास परवानगी देतांना सरकारनें एक अट घातली होती: धुरांतील गंधकवायु धुऊन काढणारें यंत्र बसवावें. परिणामांचा पूर्ण विचार केल्यावांचून ही अट शिथिल करूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें बजावलें. साऱ्या निकालांत आम्हांस हेंच वाक्य मोलाचें वाटतें. हरलेल्या पक्षास त्यानें पुढील लढ्याचें हत्यार दिलें. त्याच वर्षीं जूनमध्यें केंद्र सरकारनें डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि तालुक्यांत उद्योगांसाठीं ५०० एकरांची मर्यादा आंखली.

१९९५ मध्यें केंद्र चालूं झालें, यंत्र नव्हतें. कागदावरची अट आपण होऊन चालत नाहीं, तिला कोणी तरी रोज ढकलावें लागतें. बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानें ३१ ऑक्टोबर १९९६ रोजीं आदेश दिला, आणि त्या आदेशान्वयें डिसेंबरांत निवृत्त न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं स्वतंत्र प्राधिकरण नेमलें गेलें. प्राधिकरणानें १९९९ मध्यें यंत्र बसविण्याचा हुकूम सोडला. त्यावर पुन्हा वाद, पुन्हा मुदती. मधल्या काळांत कंपनीचे मालकहि बदलले.

अखेर २००७ मध्यें समुद्राच्या पाण्यानें धूर धुणारें तें यंत्र चालूं झालें. निकालास तोंवर सोळा वर्षें लोटलीं होतीं. आणि केंद्र सुरू झाल्यापासूनचीं बारा वर्षें तो धूर न धुतांच बागांवरून गेला होता.