सत्तेचाळीस वर्षांची एकाग्रता

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि 1966 साली ते तडीस गेले. असे काम पुरे झाले की त्याचे श्रेय कुणा एका तपस्व्याच्या नावे मांडून आपण मोकळे होतो. इथे तो हिशेब जुळत नाही. 1925 पासून प्रमुख संपादक असलेले विष्णु सीताराम सुकथनकर 1943 साली गेले, तेव्हा बरीच पर्वे व्हायची होती. ती धुरा आधी श्रीपाद कृष्ण बेलवलकरांनी आणि नंतर परशुराम लक्ष्मण वैद्यांनी वाहिली. माणसे बदलूनही काम भरकटले नाही, कारण एकाग्रता कुणाच्या स्वभावावर न सोडता कामाच्या रीतीतच मुरवलेली होती.

ही रीत पाठभेद टिपण्याच्या कागदावर दिसते. माथ्यावर प्रचलित संहितेतला श्लोक एकेक अक्षर सुटे करून मांडायचा, खाली प्रत्येक पोथीला एक ओळ द्यायची आणि जिथे अक्षर बदलते तिथेच ते नोंदवायचे. शारदा, बंगाली, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्या त्या लिपीचे जाणकार वाचत. एकट्या आदिपर्वासाठी सुमारे 60 पोथ्या ताडून पाहिल्या गेल्या आणि ते पर्व पुरे व्हायला 1933 साल उजाडले. पण एकाने ठेवलेला कागद दुसऱ्याला तिथूनच पुढे नेता येई. उद्दिष्टालाही कुंपण होते. व्यासांचे मूळ शब्द शोधण्याच्या फंदात न पडता, हाती असलेल्या पोथ्यांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितका जुना पाठ सिद्ध करायचा.

कुणी म्हणेल, एवढी वर्षे लागली ती पैशांच्या ओढाताणीने. तिला एकाग्रता का म्हणायचे? औंधच्या पंतप्रतिनिधींनी लाख रुपये देऊ केले, तरी खर्च त्याहून कितीतरी मोठा होता, हे खरेच. पण चणचणीत घाईने एखादी बरी पोथी छापून टाकणे सोपे होते, आणि तो मार्ग संपादकांनी पत्करला नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: सिद्ध झालेली संहिता जशीच्या तशी कोणत्याही एका पोथीत सापडत नाही. त्याचे उत्तर त्या संहितेच्या प्रत्येक पानाच्या तळाशी आहे. नाकारलेले पाठ तळटिपांत जपलेले असल्याने संपादकांचा निर्णय अमान्य असणाऱ्यालाही पुरावा तिथेच मिळतो. दीर्घ पल्ल्याच्या कामाचे यश यावरच जोखावे. आपला निर्णय उद्या कुणी फिरवला, तरी केलेली मेहनत त्याच्या उपयोगी पडली पाहिजे.