नवोदित वेगवान गोलंदाज : नवा चेंडू की बदली मारा

साधारण चौदा ते तेवीस या वयातील वेगवान गोलंदाजाने नवा चेंडू हाती घेऊन दिवसभरात लांब मारा करावा, की पहिला बदल किंवा शेवटच्या षटकांचा गोलंदाज म्हणून मोजक्या चेंडूंत सगळा जोर ओतावा, हे ठरवण्याचा प्रश्न. निर्णय प्रशिक्षक, कर्णधार आणि निवड समिती यांचा असतो, परिणाम मात्र गोलंदाजाच्या पाठीला आणि कारकिर्दीला भोगावे लागतात. बेसबॉलमध्ये हाच प्रश्न पिचरबाबत पडतो : सामना सुरू करणारा ‘स्टार्टर’ करायचा, की मध्येच येऊन एखादा डाव सांभाळणारा ‘रिलीव्हर’? तिथे त्यावर शंभरेक वर्षे खल झाला आहे. आपल्याकडे तो क्रिकेटच्या वेशात येतो आणि पुष्कळदा कोणी न ठरवताच सुटून जातो.

हे न ठरवता सुटणे गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला स्पष्ट दिसते. सालेकसा तालुक्यातील दरेकसा हे मुंबई-हावडा लोहमार्गावरचे, छत्तीसगडच्या सीमेलगतचे स्टेशन. हाजरा धबधबा आणि कचारगडच्या गुहा यांमुळे बाहेरच्यांना माहीत असलेले. या पट्ट्यात मुलाच्या हाती आधी येतो तो टेनिस बॉल. धान कापून झाले की बांध्या मोकळ्या होतात आणि हिवाळाभर गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा चालतात. सामना सहा, आठ, फार तर दहा षटकांचा, आणि एका गोलंदाजाच्या वाट्याला दोन षटके. ज्याचा चेंडू सर्वांत जोरात येतो त्याची एक ओव्हर कर्णधार सुरुवातीला काढून घेतो आणि दुसरी शेवटासाठी राखून ठेवतो. बारा चेंडूंत काम संपते. पंधराव्या वर्षी हा पोरगा रिलीव्हर होऊन बसलेला असतो. त्याच्यात काही पाहून कोणी तसे ठरवलेले नसते. स्पर्धेचा साचाच तसा असतो. बारा चेंडूंना जोर, पायात पडणारा यॉर्कर आणि एखादा फसवा हळू चेंडू पुरतो. फलंदाज स्थिरावल्यावर त्याला उखडायचे कसे, हे शिकण्याची वेळच येत नाही, कारण स्थिरावायला फलंदाजाकडेही षटके नसतात.

बेसबॉलची रीत इथे कामाला येते. नऊ डावांच्या सामन्यात प्रतिपक्षाचे सत्तावीस गडी टिपायचे असतात आणि नऊ फलंदाज ठरल्या क्रमाने पुन्हा पुन्हा समोर येतात. पहिल्या फेरीत पिचरचे पारडे जड असते. तिसऱ्या फेरीत तोच फलंदाज त्याच हाताकडे तिसऱ्यांदा पाहत असतो आणि फटके वाढतात. म्हणून स्टार्टरला किमान तीन प्रकारचे भरवशाचे चेंडू लागतात, रिलीव्हरचे दोनावर भागते. दुसरा भेद नियमाचा आहे : एकदा बाहेर काढलेला पिचर त्या सामन्यात सहसा परत येत नाही. जाणकारांचा सर्वसाधारण कल असा, की मुलाला आधी स्टार्टर म्हणूनच वाढवावे. लांब कामाची सवय असलेल्याला आखूड काम देता येते. उलटा प्रवास अवघड जातो. न्यूयॉर्क यँकीज संघाचा मारियानो रिव्हेरा १९९५ मध्ये दहा सामने सुरू करून पाहून मग बदली माऱ्याकडे वळला, आणि ६५२ ‘सेव्ह’चा (शेवटी येऊन निसटती आघाडी राखल्याच्या नोंदींचा) विक्रम नावावर करून निवृत्त झाला. उलटी वाट चालणारेही आहेत. क्रिस सेल २०१० मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सकडून रिलीव्हर म्हणून उतरला, २०१२ पासून स्टार्टर झाला आणि २०२४ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला. तरी एकट्या सेलवरून नियम बांधू नये. १९ मे २०१८ रोजी टॅम्पा बे रेज संघाने तर सर्जिओ रोमो या अनुभवी रिलीव्हरलाच सामना सुरू करायला धाडले, एका डावानंतर त्याला बसवले आणि पुढचे लांब काम दुसऱ्याकडे सोपवले. कोण आधी येतो यापेक्षा कोण किती वेळ टाकतो हे महत्त्वाचे, हा मुद्दा त्या युक्तीने उघड केला.

क्रिकेटमध्ये काढलेला गोलंदाज परत आणता येतो, त्यामुळे एकच माणूस एकाच दिवशी दोन्ही भूमिका करू शकतो. श्रीरामपूरच्या झहीर खानचे २०११ च्या विश्वचषकातले दोन दिवस यासाठी शेजारी ठेवून पाहावेत. २७ फेब्रुवारीला बंगळूरमध्ये ३३९ धावांचा पाठलाग करणारा इंग्लंड २ बाद २८१ पर्यंत पोचला होता. धोनीने झहीरची षटके राखून ठेवली होती. त्रेचाळिसाव्या षटकात त्याने बेल आणि १५८ धावांवर खेळणाऱ्या स्ट्रॉसला लागोपाठच्या दोन चेंडूंवर बाद केले, मग कॉलिंगवुडचा त्रिफळा उडवला, आणि हातातून गेलेला सामना बरोबरीत सुटला. इथे झहीर रिलीव्हर होता. २ एप्रिलच्या वानखेडेवरील अंतिम सामन्यात त्याचा पहिला स्पेल पाच षटके, तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी असा होता; दिवसअखेर आकडे झाले दहा षटके, साठ धावा, दोन बळी. म्हणजे नंतरच्या पाच षटकांत चोपन्न धावा गेल्या. तोच गोलंदाज, तेच कौशल्य, आणि गाठीला दहा वर्षांहून अधिक आंतरराष्ट्रीय अनुभव. त्यालाही दोन्ही टोके रोज सारखी साधत नव्हती, तर एकोणीस वर्षांच्या पोराच्या एका वाईट शेवटच्या षटकावरून ‘याला डेथ जमत नाही’ असा शिक्का मारणे घाईचेच.

विदर्भातील उदाहरणे. नागपूरजवळच्या खापरखेडा या कोळसा खाणींच्या परिसरात वाढलेला उमेश यादव टेनिस बॉलवरून थेट वर आला. लेदर बॉल त्याने नियमितपणे हाती घेतला तो विशीच्या आसपास, आणि २००८ च्या नोव्हेंबरात तो विदर्भाकडून रणजी खेळला. तीन वर्षांत, नोव्हेंबर २०११ मध्ये, दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी पदार्पण. विदर्भाचा तो पहिलाच कसोटीपटू. पुढची कारकीर्द प्रश्नाच्या दोन्ही बाजू दाखवते. २०१५ च्या विश्वचषकात शमीसोबत नवा चेंडू टाकत त्याने १८ बळी घेतले, भारतातर्फे सर्वाधिक. कसोटीत मात्र इशांत, शमी आणि नंतर बुमराह असताना त्याला पुष्कळदा तिसरा वेगवान गोलंदाज म्हणून बोलावले जाई, तेही मुख्यतः मायदेशात, जिथे जुना झालेला चेंडू रिव्हर्स करणे हे त्याचे हत्यार होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला त्याने वेस्ट इंडीजचे दहा बळी घेतले. ५७ कसोटींत १७० बळी घेणाऱ्याला बदली म्हणणे अन्यायाचे होईल. पण नव्या चेंडूवरची शिस्त, म्हणजे यष्टीच्या बाहेर एकाच टप्प्यावर तासभर टाकत राहणे, लहानपणी लेदर बॉलवर घोटून घेतली जाते. ती संधी उमेशला उशिरा मिळाली, हे त्याच्या महागड्या दिवसांत जाणवत असे.

रजनीश गुरबानी हे दुसरे टोक. स्थापत्य अभियांत्रिकीचा पदवीधर, वेग मध्यम, हाती स्विंग. २०१७-१८ च्या रणजी उपांत्य सामन्यात कोलकात्याला कर्नाटकापुढे १९८ धावांचे लक्ष्य होते. चौथ्या दिवसअखेर ७ बाद १११ अशी अवस्था असताना शेपटाने झुंज दिली आणि शेवटच्या सकाळी हव्या असलेल्या धावा भराभर कमी होऊ लागल्या. त्या सकाळचे उरलेले तिन्ही बळी गुरबानीचे. डावात ६८ धावांत सात, सामन्यात बारा, आणि विदर्भ पाच धावांनी विजयी. संघात उमेश यादव असताना हे घडले. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने दोन षटकांत मिळून हॅट्ट्रिक साधली, ५९ धावांत सहा बळी घेतले, आणि विदर्भाला पहिले रणजी विजेतेपद मिळाले. स्पीडगन लावून निवड केली असती तर तो फारसा पुढे दिसला नसता. काल दिवसभर टाकून आज सकाळी पुन्हा तोच टप्पा सापडणे हा स्टार्टरचा गुण, आणि तो पहिल्या षटकात कळत नाही.

शरीराची बाजू. बेसबॉलमध्ये ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर येतो; १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर केलेली शस्त्रक्रिया आज त्या पिचरच्याच नावाने ओळखली जाते. वेगवान गोलंदाजाचे दुखणे कमरेच्या मणक्यांत असते. पुढचा पाय आपटताना धड एकाच वेळी मागे, बाजूला आणि पिळात जाते. मणक्याच्या मागच्या कमानीवर बारीक तडा पडतो. विशीच्या सुरुवातीपर्यंत तिथले हाड पुरते घट्ट झालेले नसते. ऑस्ट्रेलियाचा पॅट कमिन्स अठराव्या वर्षी, नोव्हेंबर २०११ मध्ये जोहान्सबर्गला पदार्पणाच्या कसोटीत एका डावात सहा बळी घेऊन सामनावीर ठरला आणि दुसरी कसोटी खेळला ती थेट मार्च २०१७ मध्ये, रांचीला. मधली वर्षे प्रामुख्याने पाठीने खाल्ली.

मोजमापाचे दोन दाखले बोलके आहेत. अमेरिकेत २०१४ मध्ये आखलेल्या ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शिकेत सतरा-अठरा वर्षांच्या पिचरला दिवसाला १०५ फेकींची मर्यादा आहे, आणि ८० च्या वर फेकी झाल्या की चार दिवस विश्रांती. इंग्लंडच्या मंडळाने वयोगटांसाठी घालून दिलेल्या निर्देशांत त्याच वयाच्या वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये सात आणि दिवसात अठरा षटके, म्हणजे १०८ चेंडू. दोन वेगळे खेळ, आकडा जवळपास एकच. फरक दुसऱ्या दिवशीचा : पिचर घरी बसतो, गोलंदाज पुन्हा धावत येतो. चार दिवसांच्या कूचबिहार करंडकात (१९ वर्षांखालील) हा फरक अंगावर येतो. तेव्हा ‘थोडी षटके टाकतो, म्हणजे सुरक्षित’ हा समज निम्माच खरा. घात होतो तो भार एकदम वाढल्याने. आठवडाभर काही न टाकता रविवारी तीन संघांकडून तीन सामने खेळणारा पोरगा एका सामन्यात दोनच षटके टाकतो. पण प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने, अंग न तापवता, आणि कडक झालेल्या बांधीत. ही षटके कुणाच्याच वहीत नसतात.

निर्णयाच्या खुणा. पहिल्या स्पेलवर निर्णय देऊ नये, हे सर्वांत महत्त्वाचे. दुसरा आणि तिसरा स्पेल पाहावा : चहापानानंतर धाव तेवढीच लांब आहे का, पुढचा गुडघा वाकू लागला का, हात खांद्याच्या बाजूने खाली उतरला का, चेंडूची शिवण अजून उभी पडते का. हात उतरला आणि शिवण डगमगू लागली, तर दमसास कमी आहे. तो वाढवता येतो, त्यासाठी भूमिका बदलण्याची गरज नाही. चाळीस धावांवर खेळणाऱ्या फलंदाजाला चकवायला त्याच्याकडे दुसरे काय आहे हेही पाहावे. आत येणारा एकच चेंडू असेल, तर बाहेर जाणारा शिकायला दोन मोसम द्यावेत आणि तोवर त्याला पहिल्या बदलाला वापरावे. कृती पाठीला घातक असेल, म्हणजे कंबर एकीकडे आणि खांदे दुसरीकडे वळत असतील, तर आधी कृती सुधारावी आणि तोवर षटके आखूड ठेवावीत. ही बदली भूमिका तात्पुरती असल्याचे मुलाला आणि घरच्यांना स्पष्ट सांगावे. नाहीतर तो मनातल्या मनात ‘मी दुय्यम’ असे धरून बसतो.

स्वभावाचा मुद्दा यात फार फुगवला जातो. शेवटच्या षटकाला वाघाचे काळीज लागते हे खरे, पण त्याहून जास्त लागतो तो दहापैकी आठ वेळा पायात पडणारा यॉर्कर, आणि तो सरावाने येतो.

पैशाची ओढ मात्र खरी आहे. ट्वेंटी-ट्वेंटीत गोलंदाजाला फार तर चोवीस चेंडू टाकायचे असतात, आणि लिलावात त्या चोवीस चेंडूंना मोठी बोली लागते. २०२२ चा १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघातला धाराशिव जिल्ह्याचा राजवर्धन हंगरगेकर त्याच वर्षी चेन्नई सुपर किंग्जने घेतला. २०२३ च्या पदार्पणाच्या सामन्यात त्याने तीन बळी टिपले. दरेकशाच्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना ही वाट दिसते. तीन दिवसांचा विजय मर्चंट करंडक (१६ वर्षांखालील) त्या मानाने दूरचा आणि कंटाळवाणा वाटतो. पण जसप्रीत बुमराहला यॉर्करवाला म्हणून नाव मिळण्याआधी, २०१३ मध्येच, तो गुजरातकडून रणजी खेळू लागला होता, आणि जानेवारी २०१८ मध्ये केपटाउनला कसोटीत उतरला तेव्हा लाल चेंडूची चार वर्षे त्याच्या जमेला होती. आखूड कामात नाव काढूनही त्याला लांब मारा जमला, तो या जमेवर. सालेकसा-आमगाव भागातल्या मुलाला अशी जमा करायची तर सोळाव्या-सतराव्या वर्षी मॅटवर का होईना, लेदर बॉलने दिवसाला तीन स्पेल टाकायला मिळाले पाहिजेत, आणि त्यासाठी आज तरी त्याला गोंदिया किंवा नागपूरची गाडी पकडावी लागते.