जखमेचा मोबदला : दया नव्हे, हक्क

पाम, कुंभवली, सालवड या गावांच्या शिवेला लागून तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. भातशेती करणाऱ्या घरातला मुलगा आज तेथे पाळीवर जातो. त्याचा हात यंत्रात सापडला तर घर कशावर चालावे? हा प्रश्न वसाहतीहून पुष्कळ जुना आहे.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. जोतीराव फुल्यांचे अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे त्यांचे पुढारी होते. साडेपाच हजार कामगारांनी सह्या केलेल्या अर्जात रविवारची सुटी व दुपारची अर्धा तास विश्रांती यांच्या जोडीला आणखी एक मागणी होती : कामावर जबर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचे अधूपण आल्यास त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. त्याच वर्षी जर्मनीत अपघात-विम्याचा कायदा झाला. आमच्याकडे रविवारची सुटी १८९० साली मिळाली; जखमेच्या मागणीला मात्र चाळीस वर्षे थांबावे लागले.

तोवर जखमी माणसाने मालकाचा दोष शाबीत करावयाचा असे. "चूक तुझ्या सोबत्याची", "धोका ठाऊक असूनच तू आलास", एवढ्या उत्तरावर त्याचा दावा बुडे. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ रोजी अमलात आला आणि ही रीत मोडली. अपघात कामावर असताना व कामामुळे झाला, एवढे दाखविणे पुरेसे ठरले. एका सुताराचा डावा हात गेला, तेव्हा त्याची सुतारकीच संपली, म्हणून भरपाई पूर्ण अपंगत्वाचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ठरविले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे हक्क सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहेत.

मग माणसे रिकाम्या हाताने का परततात? आमच्याकडे एकदा चार बोटे गमावलेला तरुण आला. ठेकेदार म्हणे, हा आमचा नव्हेच. हजेरीपत्रकात नाव नाही, पगार रोखीने हातावर. कारखान्याच्या नेहमीच्या कामावर ठेकेदाराने आणलेल्या माणसाची जबाबदारी मूळ मालकावरही येते. पण तो तेथे कामाला होता, हे सिद्ध करण्यातच वर्ष गेले.

म्हणून सांगणे एवढेच, की अपघाताआधीच हजेरीपत्रकातले नाव, पगाराची पावती आणि कामगार विमा योजनेचा क्रमांक पाहून ठेवावा. विमा असेल तर भरपाई मालकाऐवजी विमा महामंडळाकडून मिळते. अपघात होताच लेखी खबर द्यावी. दवाखान्याच्या कागदावर इजा कामावर झाल्याचे लिहवून घ्यावे. मालकाविरुद्धचा दावा दोन वर्षांच्या आत करावा. "आमची काही मागणी नाही" अशा कागदावर अंगठा घेतला, तरी कायद्याने मिळणारा हक्क त्याने बुडत नाही. पण तो अंगठा देऊच नये.

परळच्या कामगारांनी अर्जावर सह्या केल्या, त्या अजून न झालेल्या जखमांसाठी. आपले नाव हजेरीपत्रकात आहे की नाही, एवढे तरी आपण उद्या सकाळी पाहावे.