चार-पाच किलोमीटरांत चार शतके

शाळेची सहल म्हटली की बस, डबा आणि दूरचे गाव एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. औरंगाबादची मुले म्हैसमाळला जातात, दौलताबादला जातात. पण जुन्या शहरातून इतिहास पाहत पायी हिंडलेली मुले फार थोडी. भडकल दरवाज्याखालून रोज शाळेला जाणाऱ्या मुलाला तो कोणी बांधला हे विचारा. बहुतेकदा उत्तर येते, "बादशाहने." कोणत्या बादशाहने, ते त्याला ठाऊक नसते. दरवाजा बांधणारा तर बादशाह नव्हताच.

बी.एड.ला आपण सगळेच एक सूत्र शिकलो आहोत : ज्ञाताकडून अज्ञाताकडे. इतिहासाच्या तासाला मात्र पानिपतापासून सुरुवात होते आणि मुलाची स्वतःची गल्ली शेवटपर्यंत येत नाही. म्हणून एका सकाळच्या पायी फेरीचा आराखडा येथे मांडतो. अंतर चार-पाच किलोमीटर, वेळ साडेसात ते बारा, महिना नोव्हेंबर ते जानेवारी. शुक्रवार टाळावा; जामा मशिदीत जुम्याची गर्दी असते.

सुरुवात जामा मशिदीपासून करावी. ही मशीद मलिक अंबरने उभारली आणि औरंगजेबाने पुढे वाढविली. तिच्या खांबांच्या रांगेत मुलांना बसवून अंबरची गोष्ट सांगावी. सोळाव्या शतकाच्या मध्यात हबशी मुलखात जन्मलेले हे मूल गुलाम म्हणून विकले गेले, बगदादमार्गे दख्खनला आले आणि निजामशाहीच्या पेशव्याच्या, चंगेजखानाच्या पदरी राहिले. हाच गुलाम पुढे निजामशाहीचा कर्ताकरविता झाला. १६१० च्या सुमारास त्याने खडकी या गावाच्या जागी राजधानीचे शहर वसविले. त्याच्या फौजेत मराठे सरदार होते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. मालपुरा, खेलपुरा, विठापुरा ही पुऱ्यांची नावे मराठे सरदारांवरून पडली असे सांगतात. इतिहास म्हणजे फक्त 'ते आणि आपण' असे समजणाऱ्या मुलाला ही नावे फळ्यावर लिहून दाखवावीत.

तेथून जुन्या बाजाराच्या बाजूने भडकल दरवाज्यापर्यंत चालत जावे. मोगल फौजेवरील विजयाची आठवण म्हणून अंबरने तो १६१२ च्या सुमारास बांधला. म्हणजे एका मुसलमान सेनापतीने मुसलमान बादशाहच्या फौजेवर मिळविलेल्या विजयाची ही कमान. तेव्हाची भांडणे राज्याची होती, त्यांना आजच्या भांडणांचा रंग देऊ नये, हे या एका दगडी कमानीखाली जितके सहज समजते तितके दहा व्याख्यानांनी समजत नाही. बावन्न दरवाज्यांचे शहर अशी या शहराची ख्याती. त्यांतले मोजकेच आज उभे आहेत. उरलेल्यांची मोजणी मुलांकडूनच करवून घ्यावी.

पुढे खाम नदीचा पूल आणि महमूद दरवाजा ओलांडला की पाणचक्की. येथे फेरीचा खरा धागा हाती लागतो, तो पाण्याचा. खडकाळ जमीन आणि लहानशी नदी, अशा जागी मोठे शहर कसे जगणार? अंबरने उत्तरेकडील डोंगराच्या पायथ्याचे भूगर्भातील पाणी जमिनीखालच्या नळातून, केवळ उताराच्या आधारे शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. पुढे अशाच आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीला हजरत बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. येथे उंचावरून पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि खानकाहमधील फकीर-मुसाफिरांसाठी पीठ दळले जाई. विज्ञानाच्या शिक्षकांना बरोबर घ्यावे. उतार, दाब आणि चाक यांचा पाठ येथे आपोआप होतो. घटकाभर बसून डबेही येथेच उघडावेत.

शेवटचा टप्पा बेगमपुऱ्यामार्गे बीबी का मकबरा. येथे कालक्रम मोडतो, कारण मकबरा सतराव्या शतकाच्या मध्यातला. पण पायांना भूगोलाचेच ऐकावे लागते. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये वारली, तिची ही कबर. 'गरिबांचा ताज' म्हणून लोक तिची थट्टा करतात. मुलांना थट्टेपेक्षा कारण दाखवावे : संगमरवर घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागाला, बाकी काळा दगड आणि त्यावर चुन्याचा गिलावा. गिलाव्यावरची नक्षी मात्र दख्खनच्या कारागिरांच्या हाताची साक्ष देते. प्रवेशद्वारावरच्या लेखात दोन नावे आहेत, अताउल्लाह आणि हंसपतराय. एक वास्तुकार, दुसरा अभियंता. ही दोन नावे मुलांनी वहीत शेजारी शेजारी लिहून घ्यावीत.

मुले एक प्रश्न हमखास विचारतील, शहराच्या नावाचा. तो टाळू नये आणि त्यावर आवाजही चढवू नये. खडकी होते; अंबर १६२६ मध्ये वारल्यावर त्याचा मुलगा फतेहखान याने फतेहनगर केले; १६५३ नंतर औरंगाबाद झाले; २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. तारखा एवढ्याच. ज्याला दुःख झाले त्याचे दुःख खरे, ज्याला आनंद झाला त्याचा आनंद खरा. पण नाव कोणतेही असो, अंबरच्या नहरीने या शहराला तीनशे वर्षांहून अधिक काळ पाणी पाजले, आणि ते पिताना कोणाची जात किंवा मजहब विचारला गेला नाही.

आपल्या समाजात अस्मितेची भाषणे पुष्कळ होतात. अस्मिता माहितीशिवाय उभी राहिली तर ती लवकर रागावते आणि लवकर खचते. ज्या मुलाला आपल्या शहराचे चार दगड नावानिशी ओळखता येतात, त्याला 'तू इथला नाहीस' असे कोणी म्हटले तर तो दगड उचलणार नाही, दगड दाखवील. यासाठी अनुदान लागत नाही, बसभाडे लागत नाही. चांगल्या चपला, पाण्याची बाटली आणि आदल्या रात्री थोडे वाचून आलेला एक शिक्षक, एवढे पुरे. शेजारच्या मराठी शाळेतील मुलांनाही निमंत्रण द्यावे. नहर त्यांच्याही पुऱ्यात जात होती.